शेजारी कोण उडणार?

घणसोली-कोपरखैरण्यात राहणाऱ्याला विमानाचं अप्रूप वाटायचं कारण नाही. सांताक्रूझला उतरणारी विमानं खाडी ओलांडण्याआधी त्याच्याच डोक्यावरून जातात. तरीही ११ ऑक्टोबर २०२४ रोजी नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर हवाई दलाचं सी-२९५ पहिल्यांदा उतरलं आणि सुखोई धावपट्टीवरून गडगडत गेलं, तेव्हा लोकांच्या माना वर गेल्याच. त्याच वर्षी १२ ते १४ जानेवारीला मरीन ड्राइव्हवर हवाई दलाची प्रात्यक्षिकं झाली होती. तिथे ‘सूर्यकिरण’ पथकाची लाल-पांढरी विमानं पाहून कठड्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न आला असणार: ही एकमेकांवर आदळत कशी नाहीत?

त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, आणि घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर तो लगेच येतो. या वैमानिकांना निवडतं कोण, आणि काय बघून? ‘हवाई दलातले सगळ्यात भारी पायलट घेत असतील’ असं उत्तर आपण देऊन टाकतो. ते चूक नाही, पण अपुरं आहे. एकट्याने विमान गरागरा फिरवणारा निधड्या छातीचा गडी इथे कदाचित नापास होईल. का, ते कळायचं तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी समजून घ्यावं लागतं.

वेग सहाशेचा, फरक शून्याचा

सूर्यकिरणची विमानं कसरती करताना एकमेकांपासून पाच मीटरपेक्षाही कमी अंतरावर असतात. ताशी ६०० किलोमीटर वेगाने जाणारं विमान एका सेकंदात सुमारे १६७ मीटर कापतं. हे दोन आकडे शेजारी मांडले की पोटात गोळा येतो. पण वैमानिकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा तिसराच असतो.

कुर्ला ते घाटकोपर दरम्यान कधी जलद आणि धीमी लोकल शेजारच्या रुळांवरून एकाच वेगाने धावू लागतात. पलीकडच्या डब्यातल्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र आपल्याला आरामात वाचता येतं. दोन्ही गाड्या भरधाव असतात, पण एकमेकींच्या हिशेबात त्या जागच्या हललेल्या नसतात. विमानांच्या जवळच्या रचनेचं, म्हणजे ज्याला हवाई दलात सगळे ‘फॉर्मेशन’ म्हणतात त्याचं, गणित हेच आहे. वैमानिक सांभाळतो तो ६००चा वेग नव्हे, शेजाऱ्याच्या आणि आपल्या वेगातला फरक.

हा फरक ताशी साडेतीन किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगाइतका झाला, तरी पाच मीटरचं अंतर पाच सेकंदांत संपतं. पाच सेकंद पुष्कळ वाटतात. पण जेट इंजिनाची एक खोड आहे: थ्रॉटल पुढे ढकलला की जोर लगेच मिळत नाही, इंजिन फिरून वर यायला वेळ घेतं. चूक डोळ्यांना दिसल्यावर दुरुस्त करायला घेतली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून फॉर्मेशनमधल्या वैमानिकाचा डावा हात थ्रॉटलवर सतत केसभर पुढे, केसभर मागे होत राहतो. गच्चीवरून पाहणाऱ्याला विमान खिळा ठोकल्यासारखं स्थिर दिसतं. आत मात्र हात क्षणभर थांबत नाही.

यात सगळ्यात घातक सवय म्हणजे जास्तीची दुरुस्ती. थोडा मागे पडला म्हणून जोर वाढवला, मग पुढे आला म्हणून एकदम कमी केला, की विमान हेलकावू लागतं. आणि मधल्या जागेवरचा हेलकावला की त्याच्या पलीकडच्याला तोच हेलकावा वाढून मिळतो. अमेरिकी नौदलाच्या ‘ब्लू एंजल्स’ पथकाने यावर एक विलक्षण उपाय केला आहे. त्यांच्या विमानाच्या स्टिकला अशी स्प्रिंग लावलेली असते की ती सुमारे १६ ते १८ किलोच्या जोराने नाक खाली ओढत राहते. वैमानिकाला संपूर्ण कार्यक्रमभर स्टिक मागे ताणून धरावी लागते. उगाच त्रास, असं वाटेल. पण ताणलेल्या हातात सैलपणा उरत नाही आणि बारीक हालचाल अचूक होते. याच पथकाचे वैमानिक जी-सूट घालत नाहीत. तो सूट तीव्र वळणात पायांभोवती फुगतो, आणि मांडीवर टेकवलेला हात त्याने हलला तर विमानही हलेल.

समोर बघायचंच नाही

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही. नऊ विमानांच्या रचनेत समोर बघत असतो फक्त एक जण, लीडर. बाकी आठांची नजर शेजारच्या विमानावरच्या खुणांवर असते. पंखाचं टोक अमुक रेषेवर दिसलं पाहिजे, शेपटीचा कोपरा तमुक ठिकाणी. दोन खुणा एका ओळीत आल्या म्हणजे आपण जागेवर आहोत. त्या सरकल्या म्हणजे आपण सरकलो. जमीन कुठे आहे, आकाश कुठे, आपण उलटे आहोत की सुलटे, याकडे आठांनी लक्ष द्यायचं नसतं. ते काम लीडरचं.

लीडर रेडिओवर ठरलेल्या लयीत हुकूम देतो आणि त्या लयीच्या ठरावीक अक्षरावर सगळे एकदम वळतात. त्याचा आवाज घाईत आला तरी रचना विस्कटते. म्हणून लीडरचं उडणं दिसायला जवळजवळ कंटाळवाणं असतं: सावकाश वळण, सावकाश चढण, झटका म्हणून नाही.

वळणात आणखी एक भानगड होते. समजा एखादं विमान लीडरच्या बाजूला २५ मीटरवर आहे आणि सगळी रचना सपाट वळण घेत एक पूर्ण फेरी मारते. बाहेरच्या बाजूच्या विमानाला लीडरपेक्षा सुमारे १५७ मीटर जास्त उडावं लागतं, आतल्याला तेवढंच कमी. गंमत म्हणजे फेरी लहान असो की मोठी, हा फरक बदलत नाही. प्रत्यक्षात विमानं कलून वळतात, म्हणजे बाहेरच्याला वर चढावं लागतं आणि आतल्याला खाली उतरावं लागतं. पुन्हा शरीरावरचा भार चार-पाच पट झालेला असतो: ७० किलोच्या माणसाला आपण ३०० किलोंचे आहोत असं वाटत असताना हे सगळं चाललेलं असतं. बाहेरच्या जागेवरच्या माणसाचं काम आणि लीडरच्या मागे, खालच्या अंगाला, त्याच्या इंजिनाच्या उसळत्या झोतापासून विमान सांभाळणाऱ्याचं काम म्हणूनच वेगळं आहे. ‘पायलट’ एवढं एक नाव दोघांना पुरत नाही.

आता निवडीकडे वळता येईल. या कामाला हवा तो माणूस असा: ज्याला सतत बारीक दुरुस्ती करायचा कंटाळा नाही, जो घाबरून जास्तीची दुरुस्ती करत नाही, आणि जो आपले डोळे दुसऱ्याच्या स्वाधीन करू शकतो.

बिदरची वाट

सूर्यकिरण पथकाचं घर बिदरला आहे. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या पलीकडे, भालकी-औरादसारखे मराठी बोलणारे तालुके असलेला हा कर्नाटकातला सीमेवरचा जिल्हा. आपल्याकडे हे नाव निघालं की बहमनी किल्ला आठवतो किंवा सीमावाद. हवाई दलात मात्र बिदर म्हणजे भावी लढाऊ वैमानिकांची जेट विमानांची शाळा.

पथकाची स्थापना १९९६ची, पहिले प्रमुख विंग कमांडर कुलदीप मलिक. त्याआधी १९८२मध्ये, हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हंटर विमानांचं ‘थंडरबोल्ट्स’ पथक उभं राहिलं होतं आणि १९८०चं दशक संपता संपता ते बंद झालं. सूर्यकिरणने सुरुवातीला हिंदुस्तान एरोनॉटिक्सची किरण मार्क-२ विमानं वापरली. २०११मध्ये, बंगळूरच्या एरो इंडिया या हवाई प्रदर्शनानंतर, हे पथकही थांबवावं लागलं. कारण रोकडं होतं. प्राथमिक शिक्षणाची एचपीटी-३२ विमानं अपघातांमुळे २००९पासून जमिनीवर होती, शिकाऊ मुलांना विमानं कमी पडत होती, आणि कसरतींपेक्षा शिकवणं महत्त्वाचं होतं. २०१५मध्ये पथक परत आलं ते हॉक मार्क-१३२ विमानं घेऊन. हॉक हेही शिकवण्याचंच विमान आहे, दोन आसनांचं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण निवडीचा एक मोठा निकष तिच्यातूनच निघतो.

*चौकट: नवी मुंबईच्या मुलाला वा मुलीला विचारायचं असेल तर…*

*थेट सूर्यकिरणमध्ये भरती नसते. आधी लढाऊ वैमानिक व्हावं लागतं. बारावीनंतर एनडीए, म्हणजे खडकवासला. पदवीनंतर सीडीएस किंवा हवाई दलाची एएफकॅट परीक्षा. एनडीएच्या तयारीसाठी राज्य सरकारची संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला आहे, मुलींसाठी नाशिकला. मुलाखत मंडळासमोर जाताना एक अट ध्यानात असावी: संगणकावरची वैमानिक क्षमता चाचणी, सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते. तिच्यात नापास झालं की हवाई दलात वैमानिक होण्याचा रस्ता कायमचा बंद. पुढे हैदराबादजवळच्या दुंडिगलची अकादमी, पिलाटस विमानावर सुरुवातीचे धडे, मग जेट विमानं. लढाऊ शाखा मुलींना २०१६पासून खुली आहे.*

मास्तरच का हवा?

सूर्यकिरणमध्ये उडणारे सगळे लढाऊ शाखेतले असतात. यात नवल नाही. लढाऊ वैमानिक पहिल्यापासून जोडीने आणि चौकडीने उडायला शिकतो, मालवाहू विमानाच्या वैमानिकाला तशी सवय लागत नाही. (हेलिकॉप्टरवाल्यांचं ‘सारंग’ हे पथक वेगळं आहे, त्यांची ध्रुव हेलिकॉप्टरं आणि त्यांची माणसं वेगळी.) पण दुसरी अट ऐकून बरेच जण चकित होतात. वैमानिक हा प्रशिक्षित उड्डाण-शिक्षक असावा लागतो. हवाई दलात याला क्यूएफआय म्हणतात आणि हा अभ्यासक्रम चेन्नईजवळच्या तांबरमच्या शाळेत होतो.

उघड कारण म्हणजे पथकाची विमानं शिकवण्याची आहेत आणि त्यांवर ज्यांचा हात बसलेला असतो ते शिक्षकच. किरणच्या काळात पथकात येणाऱ्याचा एकूण सुमारे २,००० तासांचा अनुभव पाहिला जाई आणि त्यातले निम्मे तास किरणवरचे लागत. पण माझ्या मते खरं कारण आणखी खोल आहे. शिक्षकाला आपला हात काय करतोय ते शब्दांत सांगावं लागतं. ‘असं जमतं बघ’ म्हणून चालत नाही. पंख का कलला, कधी कलला, किती, हे सांगता यायला हवं. शिकाऊ मुलगा चूक करत असताना स्टिक लगेच हिसकावून घ्यायची नाही, पण वेळेत घ्यायची, हा धीरही त्याच्या अंगात मुरलेला असतो. चूक ओळखणं, शांत राहणं आणि तिचं नाव घेणं, या तीन गोष्टी पथकाला रोज लागतात.

कागद, कॉकपिट आणि चहाचं टेबल

अर्ज स्वखुशीने करायचा. कुणाला हुकूम देऊन सूर्यकिरणमध्ये धाडत नाहीत. मग वैमानिकाची कागदपत्रं बघतात: उड्डाणाचे तास, शिक्षक म्हणून श्रेणी, वरिष्ठांचे शेरे. हा टप्पा चाळणीचा, फारसा रंजक नाही. इथपर्यंत आलेले सगळेच चांगले असतात.

खरी परीक्षा विमानात. पथकाचे प्रमुख आणि त्यांच्या खालोखालचे अधिकारी उमेदवाराला तपासतात. इथे त्याने काही नवं करून दाखवावं अशी अपेक्षा नसते. त्याला एका जागेवर ठेवायचं आणि पाहायचं: तो जागेवर राहतो का? सरकला तर किती शांतपणे परत येतो? आणि हवेत सांगितलेली सूचना पुढच्याच वळणात अमलात आणतो का? पहिल्या दिवशी सरस उडणाऱ्यापेक्षा रोज थोडा सुधारणारा माणूस इथे जास्त कामाचा, कारण पुढे सहा महिन्यांचं शिक्षण आहे.

तिसरा टप्पा, म्हणजे पथकातल्या वैमानिकांची पसंती, आपल्याकडे फारसा चर्चेत येत नाही, पण जगातल्या जुन्या पथकांनी तो उघड मान्य केला आहे. ब्रिटनचं ‘रेड अॅरोज’ पथक १९६५चं. तिथे अर्ज करायलाच किमान १,५०० तासांचं उड्डाण आणि लढाऊ तुकडीतली एक नेमणूक लागते. निवडक उमेदवार पथकाबरोबर काही दिवस राहतात, मागच्या आसनावर बसून उडतात, मुलाखत देतात. पण शेवटी दार बंद करून चर्चेला बसतात ते पथकातले सध्याचे वैमानिक. ब्लू एंजल्समध्ये तर किमान १,२५० तासांची अट पार केलेले इच्छुक पथकाच्या कार्यक्रमांना स्वतः हजेरी लावतात, वैमानिकांबरोबर उठतात-बसतात, आणि निवड एकमताने होते. एकाने जरी नकार दिला तरी गाडी तिथेच थांबते.

हा वशिल्याचा प्रकार आहे का? असा संशय येणं स्वाभाविक आहे, आणि जिथे माणसं माणसांना निवडतात तिथे तो धोका राहतोच. आपल्यासारख्याच माणसाला पसंत करायची खोड सगळ्यांनाच असते. ब्लू एंजल्स १९४६ साली सुरू झालं, पण कसरतींची जेट उडवायला पहिली महिला, लेफ्टनंट अमांडा ली, निवडली गेली २०२२मध्ये. तरीही या पद्धतीचं मर्म मला पटतं. परीक्षेतले गुण माणूस किती चांगला उडतो ते सांगतात. त्याच्या पंखापासून पाच मीटरवर मी माझं विमान घेऊन जाऊ शकेन का, हे फक्त मीच सांगू शकतो. चहाच्या टेबलावर जो आपली चूक दुसऱ्यावर ढकलतो, तो हवेतही ढकलेल, असं समजायला जागा आहे.

म्हणूनच डीब्रीफ, म्हणजे उड्डाणानंतरची बैठक, या पथकांमध्ये जवळजवळ विधीसारखी चालते. प्रत्येक सरावाचं चित्रण होतं आणि सगळे मिळून ते पाहतात. ब्लू एंजल्समध्ये ही बैठक उड्डाणापेक्षा लांबते. प्रत्येक जण आपली चूक आपणच सांगतो, ती सुधारीन म्हणतो आणि ‘ग्लॅड टू बी हिअर’ म्हणून संपवतो. हुद्दा मोठा म्हणून कुणाची चूक झाकली जात नाही. ज्याला हे सोसत नाही तो कितीही देखणा उडवत असला तरी उपयोगाचा नाही.

दोनापासून नऊपर्यंत

निवड झाली म्हणजे जागा पक्की झाली असं नाही. नवा वैमानिक आधी दोन विमानांच्या जोडीत उडतो, तेही बऱ्याच उंचीवर, जिथे चुकलं तर सावरायला वाव असतो. मग तीन, चार, सहा. आणि जसजशी सफाई येते तसतशी उंची कमी होत जाते. पूर्ण नऊच्या रचनेत सामील होईपर्यंत साधारण ७५ सराव-उड्डाणं होतात. हवाई दलात प्रत्येक उड्डाणाला ‘सॉर्टी’ म्हणतात आणि वैमानिकाची प्रगती दिवसांत मोजत नाहीत, सॉर्टीत मोजतात.

इथे हॉकचं दुसरं आसन कामाला येतं. नवखा आणि मुरलेला एकाच विमानात बसू शकतात. नवख्याने मागे बसून त्या जागेवरून जग कसं दिसतं ते पाहायचं, मग जागा बदलायची. जमिनीवरून एक वैमानिक रेडिओ घेऊन सगळी कसरत पाहत असतो, कारण आतल्या आठांना रचना कशी दिसते ते कधीच कळत नाही.

आकाशात केशरी, पांढरा आणि हिरवा धूर सोडणारी उपकरणं अलीकडे या विमानांना लागली आहेत. ती हवाई दलाच्या नाशिकच्या दुरुस्ती डेपोत तयार झाली. पथकाचं अर्धं बळ म्हणजे अशी उपकरणं आणि विमानं सांभाळणारे जमिनीवरचे तंत्रज्ञ. त्यांचीही निवड होते, फक्त तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

चुकतं तेव्हा

एवढी काळजी घेऊनही धोका उरतोच. बिदरला सरावात मार्च २००६मध्ये दोन आणि जानेवारी २००९मध्ये एक वैमानिक गेला. १९ फेब्रुवारी २०१९ला, एरो इंडियाच्या आदल्या दिवशी, येलहंकाला सरावात दोन हॉक एकमेकांवर आदळली. विंग कमांडर साहिल गांधी मृत्युमुखी पडले, दुसऱ्या विमानातले दोघे पॅराशूटने बचावले.

निवडीच्या दृष्टीने सगळ्यात बोलका अपघात अमेरिकेतला आहे. १८ जानेवारी १९८२ला नेवाडाच्या वाळवंटात ‘थंडरबर्ड्स’ची चार टी-३८ विमानं शेजारीशेजारी एकत्र लूप, म्हणजे उभी गोल गिरकी, घेत होती. लीडरच्या विमानाचं शेपटीकडचं नियंत्रण अडकलं आणि ते लूपमधून वर येऊ शकलं नाही. उरलेल्या तिघांची विमानं ठणठणीत होती. पण त्यांची नजर शिकवल्याप्रमाणे शेजारच्या विमानावर होती. चौघेही जमिनीवर आदळले. तिघांनी चूक केली नव्हती. त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. डोळे दुसऱ्याच्या स्वाधीन करायचे याची किंमत इतकी असू शकते, म्हणून ज्याच्या स्वाधीन करायचे तो लीडर निवडताना पथकं आणखी चोखंदळ होतात. रेड अॅरोजमध्ये आधी पथकात उडलेला वैमानिकच लीडर होऊ शकतो.

बदली खेळाडू नाही

क्रिकेटच्या संघात बारावा असतो. रेड अॅरोजमध्ये राखीव वैमानिकच नसतो. डाव्या टोकाला उडणाऱ्याला सर्दी झाली तर त्याच्या जागी दुसरा बसत नाही, कारण त्या जागेच्या खुणा, तिथला झोत, तिथली वळणं दुसऱ्याच्या हातात बसलेली नसतात. मग कार्यक्रम आठ विमानांचा होतो. लीडरच आजारी पडला तर होतच नाही.

सूर्यकिरणमधली नेमणूक साधारण तीन वर्षांची असते. त्यानंतर वैमानिक बहुधा आपल्या लढाऊ तुकडीकडे परत जातो, पुन्हा सुखोई नाहीतर मिराज. सगळे एकदम जात नाहीत, थोडे जुने जातात आणि थोडे नवे येतात. सूर्यकिरणमध्ये निवडी वर्षातून दोनदा होतात त्या यासाठीच: जुना वैमानिक पथक सोडण्याआधी त्याच्या जागेच्या खुणा नव्याच्या डोळ्यांत बसायला हव्यात, आणि त्या कुठल्याही पुस्तकातून नव्हे, हॉकच्या मागच्या आसनावरूनच शिकाव्या लागतात.